१,४२,८५७ : बाकीच्या फेऱ्यातील संख्या

एक लक्ष बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न ही संख्या दिसावयास सामान्यच आहे. परंतु तिला २ ने गुणिले असता २८५७१४ येतात. ३ ने ४२८५७१, ४ ने ५७१४२८, ५ ने ७१४२८५ आणि ६ ने ८५७१४२. अंक तेच, त्यांचा क्रमही तोच. केवळ आरंभाचे स्थान पालटते. ७ ने गुणताच मात्र ९९९९९९ येतात. पुष्कळ शिक्षक ही गंमत फळ्यावर दाखवितात आणि तेथेच थांबतात. मुलांना मौज वाटते खरी, पण कारण न कळल्यामुळे गणित ही आपणांस न साधणारी जादू आहे, अशी त्यांची समजूत होऊन बसते. वास्तविक हे कारण ज्यास भागाकार येतो अशा कोणत्याही मुलास उमगेल.

१ ला ७ ने भागावे. भाग जात नाही म्हणून शून्य घेऊन १० करावे; भाग १, बाकी ३. पुन्हा शून्य घेऊन ३०. भाग ४, बाकी २. याच रीतीने २० मध्ये भाग २, बाकी ६. ६० मध्ये भाग ८, बाकी ४. ४० मध्ये भाग ५, बाकी ५. ५० मध्ये भाग ७, बाकी १. आरंभ १ पासूनच झाला होता. तेव्हा येथून पुढे तेच अंक फिरून येणार. ७ ने भागताना बाकी उरलीच तर ती १ ते ६ यांपैकीच असणार, आणि येथे त्या सहाही बाक्या एकेकदा येऊन जातात. आता १ ऐवजी २ ला ७ ने भागावयाचे झाल्यास, बाकी २ उरली होती तेथूनच फेऱ्यात प्रवेश होतो आणि २८५७१४ हे अंक मिळतात. दुप्पट करणे म्हणजे त्याच फेऱ्यात निराळ्या जागी उभे राहणे होय.

म्हणून हा भागाकार करविताना प्रत्येक पायरीची बाकी पाटीच्या कडेस वेगळी लिहवून घ्यावी. एरवी बाकी म्हणजे उत्तराच्या शेवटी लिहावयाची किरकोळ गोष्ट. येथे सारा कारभार तीच चालविते.

या संख्येचा वर्ग २०४०८१२२४४९ होतो. त्याचे शेवटचे सहा अंक तोडून १२२४४९ आणि २०४०८ यांची बेरीज केल्यास मूळ १४२८५७ च परत येतात. अशा संख्यांना ‘कापरेकर संख्या’ म्हणतात. देवळालीच्या शाळेत शिक्षक असलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी त्यांचा अभ्यास केला.

प्रत्येक भाजक असा वागत नाही, हेही मुलांस दिसले पाहिजे. १ ला १३ ने भागल्यास बारांपैकी सहाच बाक्या येतात व ०७६९२३ हे अंक मिळतात. त्यांची दुप्पट १५३८४६, म्हणजे अगदी निराळा फेरा. १७ मात्र सोळाही बाक्या घेतो आणि ०५८८२३५२९४११७६४७ हा सोळा अंकांचा फेरा देतो. वरच्या वर्गातील मुलांकडून तो करवून घ्यावा. चूक झालीच, तर कडेस लिहिलेल्या बाक्यांत एखादी वेळेपूर्वीच पुन्हा आलेली आढळेल.