उभे राहावे म्हणतो!

सोसायटीच्या सभेत टँकरच्या बिलावरून बोलाचाली होते आणि कुणीतरी म्हणते, “काका, महापालिकेला तुम्हीच का हो उभे राहत नाही?” मंडळी हसतात, काकाही हसतात. पण त्या रात्री काकांना लवकर झोप लागत नाही! वाढत्या गावांतून असे काका आता घरोघर आहेत. त्यांच्यासाठी हे चार शब्द.

पनवेलचेच उदाहरण घ्या. १८५२ सालची ही नगरपालिका १ ऑक्टोबर २०१६ रोजी महापालिका झाली. जुने शहर, भोवतालची खेडी आणि खारघर, कामोठे, कळंबोली यांसारख्या सिडकोच्या वसाहती एका कारभाराखाली आल्या. २४ मे २०१७ रोजी पहिली निवडणूक झाली, तेव्हा ७८ जागा २० प्रभागांत वाटलेल्या होत्या. अठरा प्रभागांतून चार-चार आणि दोहोंतून तीन-तीन नगरसेवक निवडायचे होते. २०११ च्या जनगणनेतली सुमारे पाच लाख वस्ती धरली, तरी एका प्रभागात सरासरी पंचवीस हजार माणसे होतात. तेव्हा आपल्या इमारतीतली दीडशे मते खिशात आहेत, एवढ्या भांडवलावर अर्ज भरू नये. गावठाणातली आजीबाई आणि दहाव्या मजल्यावरचे नवे बिऱ्हाड, दोघांच्याही दारी जावे लागते.

आधी पात्रता पाहावी. वय २१ पूर्ण हवे आणि त्या शहराच्या मतदारयादीत नाव हवे. खरी गोम इथेच आहे! घर नव्या वसाहतीत, पण मत अजून दादरला किंवा साताऱ्याला, अशी कुटुंबे थोडी नाहीत. अशा गृहस्थाला इथे उभेही राहता येत नाही आणि मतही देता येत नाही. शिवाय नोटीस येऊनही पालिकेची थकबाकी न भरणारा आणि पालिकेच्या ठेक्यात भागी असणारा अपात्र ठरतो.

काकूंनीही हे वाचावे. महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. पनवेलच्या ७८ पैकी ३९. मात्र पाटी वहिनींच्या नावाची आणि कारभार भाऊसाहेबांचा, असे होऊ देऊ नये. सोसायटीचे हिशेब चोख ठेवणाऱ्या बाईला अंदाजपत्रक अवघड वाटण्याचे कारण नाही.

आणि नगरसेवकाचे खरे काम तेच आहे. तो हुकूम सोडणारा अंमलदार नव्हे. अंमलबजावणी आयुक्तांकडे असते. आयुक्तांनी मांडलेले अंदाजपत्रक सोळा सभासदांच्या स्थायी समितीपुढे येते, मग सर्वसाधारण सभेपुढे. गटारावर किती खर्च करावा आणि सुशोभनावर किती, हे तिथे ठरते. तुंबलेले गटार एकदा उपसून घेणारा नगरसेवक लोकांच्या लक्षात राहतो. पण नव्या गटाराची तरतूद करून घेणारा अधिक उपयोगी पडतो.

ही बाब कोरडी वाटते ती बिल हाती येईपर्यंतच. पनवेलच्या वसाहतींत २०२१ साली मालमत्ता कराची बिले आली, तीही २०१६ पासूनच्या आकारणीसह. ‘सिडकोला आम्ही सेवाशुल्क भरीत होतो, मग त्याच वर्षांचा हा कर कसला?’ असा रहिवाशांचा सवाल होता. मोर्चे निघाले, वाद न्यायालयात गेला. त्यातच २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि कारभार प्रशासकांकडे गेला. पुढचे मतदान थेट १५ जानेवारी २०२६ रोजी झाले. मधल्या काळात प्रश्न होते, पण ते सभागृहात विचारणारा निवडलेला माणूस नव्हता!

मोर्चा बिल आल्यावर निघतो. सभासद मात्र बिल निघण्यापूर्वी बोलू शकतो. म्हणून काका, उभे राहायचेच असेल तर निवडणुकीची वाट पाहू नका. या महिन्यात जिन्याजिन्यातली नावे मतदारयादीत घाला. पालिकेचे अंदाजपत्रक मिळवून आपल्या प्रभागापुढचे आकडे वाचा. शेजारच्या गावठाणात पाणी किती वाजता येते, तेही जाऊन विचारा. पाच वर्षे हे केलेत, तर निवडून याल असे नाही; पण जो कुणी निवडून येईल, त्याला तुमच्या प्रश्नांची उत्तरे द्यावीच लागतील.