पनवेलचा बंदरमार्ग आणि परदेशी ख्रिस्ती मिशनऱ्यांचे दैनंदिन जीवन : घर, भाषा व नातेसंबंध (१८१३ ते १९००)

सारांश

एकोणिसाव्या शतकात अमेरिका व स्कॉटलंड येथून आलेल्या ख्रिस्ती मिशनऱ्यांनी मराठी प्रदेशात शाळा, छापखाने व चर्च उभारले. त्यांच्या कार्याविषयी पुष्कळ लेखन झाले आहे. मात्र त्यांचे रोजचे जगणे, त्यांचे कुटुंब आणि येथील माणसांशी जुळलेले वा तुटलेले संबंध यांचा विचार तुलनेने कमी झालेला दिसतो. प्रस्तुत लेखात मुंबई–पनवेल–पुणे या जुन्या मार्गाच्या आधाराने या बाजूचा परामर्श घेतला आहे.

बीजशब्द : पनवेल, अमेरिकन मराठी मिशन, स्कॉटिश मिशन, बेने इस्रायल, धर्मांतर, कुटुंबसंस्था.

प्रस्तावना

धर्मप्रसारासाठी परदेशी जाणाऱ्या व्यक्तीला 'घर सोडलेला माणूस' मानण्याची पद्धत आहे. मिशनऱ्यांच्या चरित्रांमध्ये हा त्याग ठळकपणे मांडलेला असतो. परंतु मिशनमुळे घर नेमके कोणाचे सुटले, हा प्रश्न विचारला म्हणजे चित्र बदलते. परदेशातून आलेला मनुष्य आपले घर काही अंशी सोबत आणत असे. उलट येथील धर्मांतरित मनुष्य आपल्याच गावात राहून बेघर होत असे. या दोन अनुभवांतील अंतर स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

पनवेल : वाटेवरचे गाव

रेल्वे येण्यापूर्वी मुंबईहून दख्खनकडे जाणारा प्रवासी होडीने खाडी ओलांडून पनवेल बंदरात उतरत असे. होड्यांचे येणे-जाणे भरती-ओहोटीवर अवलंबून असे. पुढे पालखी, घोडा किंवा बैलगाडीने खोपोली गाठून बोरघाट चढावा लागे. १८२५ मध्ये कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर ऐन पावसाळ्यात याच वाटेने पुण्यास गेले. १८३० मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत बोरघाटातील गाडीरस्ता खुला झाला व हा प्रवास काहीसा सुकर झाला. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली. ती कर्जतमार्गे गेल्याने पनवेलचे हे महत्त्व ओसरले.

तथापि पनवेल हे केवळ उतारूंचे गाव नव्हते. मिठाचा व भाताचा व्यापार, निरनिराळ्या जातिधर्मांची वस्ती आणि १८५२ इतक्या लवकर स्थापन झालेली नगरपालिका यांमुळे त्याला स्वतंत्र व्यक्तिमत्त्व होते. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनवार तेली' या नावाने ओळखला गेलेला बेने इस्रायल समाज येथे राहत होता. त्याचे बेथ एल हे प्रार्थनालय १८४९ मधील आहे. कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील, या समाजाविषयी मिशनऱ्यांना विशेष आस्था होती. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केले. मिशनच्या शाळांतून या समाजातील मुले शिकली, काही जण तेथे शिक्षकही झाले. मात्र समाजाने आपला धर्म सोडला नाही. शिक्षण स्वीकारून उपदेश बाजूस ठेवण्याचा हा व्यवहार मिशनरी व स्थानिक समाज यांच्या नात्याचा एक महत्त्वाचा नमुना होय.

मिशनऱ्यांचे घर : मृत्यू, पुनर्विवाह आणि विरह

अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईस पोहोचले. ईस्ट इंडिया कंपनीचा सुरुवातीस त्यांच्या वास्तव्याला विरोध होता. त्यांचे सहकारी सॅम्युएल न्यूएल यांच्या पत्नी हॅरिएट यांचे भारतात कार्य सुरू होण्यापूर्वीच, ३० नोव्हेंबर १८१२ रोजी मॉरिशस बेटावर निधन झाले. तेव्हा त्या अवघ्या १९ वर्षांच्या होत्या. न्यूएल यांनी पुढे मुंबईत फिलोमेला थर्स्टन यांच्याशी विवाह केला. १८२१ मध्ये न्यूएल पटकीने वारले. त्यानंतर फिलोमेला यांचा विवाह मिशनचे मुद्रक जेम्स गॅरेट यांच्याशी झाला. अशा विवाहांकडे केवळ भावनिक दृष्टीने पाहता येत नाही. परक्या देशात एकाकी राहिलेल्या स्त्रीपुढे परतीचा कित्येक महिन्यांचा सागरी प्रवास किंवा मिशनमध्येच नवा संसार, असे मोजकेच पर्याय असत. ज्या काळी येथील उच्चवर्णीय विधवेला पुनर्विवाहाची मुभा नव्हती, त्याच काळी तिच्या शेजारच्या बंगल्यात ही गोष्ट सहजपणे घडत होती, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

प्रकृतीच्या कारणाने गॉर्डन हॉल यांच्या पत्नी १८२५ मध्ये मुलांसह अमेरिकेस निघाल्या. हॉल मात्र कार्यासाठी मागे राहिले. २० मार्च १८२६ रोजी नाशिककडील दौऱ्यावर असताना पटकीने त्यांचे निधन झाले. त्या काळी केप ऑफ गुड होपला वळसा घालून येणाऱ्या पत्रास कित्येक महिने लागत. त्यामुळे जन्म-मृत्यूची वार्ता कळे तेव्हा ती जुनी झालेली असे. मुलांना शिक्षणासाठी व हवामानाच्या भीतीने मायदेशी धाडण्याची प्रथा होती. यातून आईबाप व मुले यांच्यात वर्षानुवर्षांचा दुरावा निर्माण होई. दुसरीकडे, येथेच बालपण गेलेल्या काही मुलांना हा देश परका वाटेनासा झाला. १८४७ मध्ये मुंबईत जन्मलेले रॉबर्ट अ‍ॅलन ह्यूम अमेरिकेत शिकून १८७४ मध्ये परत आले व त्यांनी अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) ही कर्मभूमी मानली.

स्त्रिया, भाषा आणि शाळा

मिशनऱ्याचा दिवस बहुधा मराठीच्या अभ्यासाने सुरू होई. शिकवणारे पंडित अथवा मुन्शी बहुतेक ब्राह्मण असत. धर्मोपदेशासाठी आलेला गुरू हा भाषेच्या बाबतीत आपल्या भावी श्रोत्याचा शिष्य असे. पंडित वेतन घेत, शब्दांचे बारकावे समजावत. पण पंक्तिभेद मात्र कटाक्षाने पाळत. एकाच मेजावर पुस्तक चाले, ताट चालत नसे. १८२६ मध्ये अमेरिकन मिशनने प्रसिद्ध केलेला मराठी नवा करार अशा सहवासातूनच साकार झाला.

स्त्रियांच्या सहभागाने या संबंधांना निराळे वळण मिळाले. १८२९ मध्ये पतीसह मुंबईस आलेल्या मार्गारेट विल्सन यांनी मराठी आत्मसात करून मुलींच्या शाळा उभ्या केल्या. १८३५ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर त्यांच्या बहिणी अ‍ॅना व हे बेन यांनी स्कॉटलंडहून येऊन तेच काम पुढे चालवले. सिंथिया फरार या अविवाहित अमेरिकन शिक्षिका १८२७ मध्ये आल्या. १८३९ पासून अहमदनगर येथे त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या व १८६२ मध्ये तेथेच देह ठेवला. जोतीराव फुले यांनी त्यांच्या शाळा पाहिल्या व १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली, ही घटना सर्वश्रुत आहे. नवऱ्याच्या वा वडिलांच्या आधाराविना एक स्त्री परमुलखात शिकवते, हे दृश्यच येथील समाजास नवे होते.

धर्मांतर आणि तुटलेली घरे

या संबंधांची खरी कसोटी धर्मांतराच्या प्रसंगी लागे. १८३९ मध्ये मुंबईत धनजीभाई नौरोजी व होरमसजी पेस्तनजी या पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला. प्रकरण न्यायालयात गेले व जॉन विल्सन यांच्या शाळेतील विद्यार्थिसंख्या एकाएकी घसरली. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा अल्पवयीन भाऊ श्रीपत मिशनऱ्याच्या घरी राहिला होता. न्यायालयाने त्यास पित्याच्या स्वाधीन केले. परंतु परक्या घरी जेवलेल्या या मुलास जातीत घ्यावे की नाही, यावर मोठा वाद माजला. बाळशास्त्री जांभेकर यांनी श्रीपतच्या शुद्धीकरणासाठी पुढाकार घेतला व त्याबद्दल सनातनी मंडळींचा रोष पत्करला. एका मुलाचे जेवण हा संपूर्ण समाजाचा प्रश्न झाला, यावरून अन्नव्यवहार व नाते यांचा संबंध किती घट्ट होता हे दिसून येते.

नारायण वामन टिळक यांनी फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर लक्ष्मीबाई काही वर्षे पतीपासून दूर राहिल्या व १९०० मध्ये त्याही ख्रिस्ती झाल्या. 'स्मृतिचित्रे' या आत्मकथनात त्यांनी या काळाचे वर्णन केले आहे. शिवाशिवीचे संस्कार मनातून गळून पडण्यास त्यांना लागलेला अवधी पाहिला असता असे म्हणता येईल की, धर्म बदलण्यास एक दिवस पुरतो, स्वयंपाकघर बदलण्यास वर्षे लागतात. मिशनच्या पगारावर अवलंबून असण्याचा प्रश्नही तितकाच बोचरा होता. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची वेतनी सेवा सोडून 'देवाचा दरबार' स्थापन केला. मालक व सेवक या नात्याऐवजी बंधुत्वाचे नाते असावे, ही त्यामागील भूमिका होती.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. (१) मिशनरी जीवन हे प्रवचनांपेक्षा आजारपण, पत्रव्यवहार, भाषाभ्यास व सहभोजन यांनी अधिक घडले. (२) स्थानिक समाजाने मिशनऱ्यांकडून काय घ्यावे व काय नाकारावे याची निवड स्वतः केली. बेने इस्रायल समाज त्याचे उदाहरण होय. (३) मिशनऱ्याच्या विरहाला मायदेशी सन्मान व चरित्रग्रंथ लाभले. धर्मांतरिताच्या विरहाला मात्र बहुधा शब्दही मिळाले नाहीत. लक्ष्मीबाईंचे लेखन म्हणूनच मोलाचे ठरते. पनवेलच्या बंदरात उतरणाऱ्या मिशनऱ्यास परतीची वाट असे, होडी भरतीला पुन्हा सुटत असे. ज्याला त्याच्या गावानेच परके केले त्याच्यासाठी अशी होडी नव्हती. मिशनच्या इतिहासाचे लेखन या दुसऱ्या माणसाच्या घरापासून सुरू होणे आवश्यक आहे.