गुरूचा हात

शोळिंगनल्लूरला भाच्याकडे गेलं की गप्पांचे विषय दोनच: ऑफिसची कॅब आणि टँकरचं पाणी. या खेपेला मी तिसरा काढला, तंजावरचा. त्याच्या सोसायटीतल्या मराठी मंडळींना तंजावर म्हणजे मोठं देऊळ आणि सरस्वती महाल. मला मात्र तिथल्या एका चर्चमधला संगमरवर बघायचा होता. दोघे पहाटेच निघालो, चौकातून समुद्राकडे वळून अक्करैला ईस्ट कोस्ट रोड धरला. वाटेत तरंगमबाडी लागते, सुमारे अडीचशे किलोमीटरवर.

हे डॅनिश वखारीचं गाव. जुलै १७०६ मध्ये बार्थोलोमेउस त्सीगेनबाल्ग हा तेवीस वर्षांचा जर्मन पाद्री इथे उतरला. तमिळ शिकायला तो गावातल्या पोरांच्या पंगतीत बसून वाळूत बोटाने अक्षरं गिरवी. आपली धूळपाटीच ती! पुढे छापखाना आला आणि १७१५ पर्यंत तमिळ नवा करार छापून पुरा झाला.

या खटाटोपाचं मूळ दोनशे वर्षं मागे, बाझेल शहरात आहे. १५१६ साली इरॅस्मसने जुनी हस्तलिखितं ताडून ग्रीक नवा करार तिथे छापला. ग्रंथ मुळातून वाचा, नकलाकारांच्या चुका काढा, मग तो नांगरामागच्या शेतकऱ्याच्या आणि मागावरच्या विणकराच्या तोंडी जाऊ द्या, असं त्याचं म्हणणं. ख्रिस्ती मानवतावाद म्हणतात तो हाच. जात्यावरच्या ओव्या ऐकलेल्या माणसाला त्यात काय मोठंसं वाटावं? युरोपात मात्र रान पेटलं. ल्यूथरने १५२२ चा जर्मन नवा करार इरॅस्मसच्या ग्रीक पाठावरूनच केला. चित्रकार ड्यूररने १५२६ साली तांब्याच्या पत्र्यावर इरॅस्मस कोरला, तो मेजाशी उभं राहून लिहिणारा साधा माणूस, पुढ्यात पुस्तकं. याचं खरं रूप याच्या लेखनात दिसेल, असं ग्रीकमध्ये शेजारी लिहिलंही. (चित्र आपल्यासारखं उतरलेलं नाही, ही इरॅस्मसची तक्रार होतीच.)

पण सुधारकांचं औदार्य कुठे संपतं, तेही तरंगमबाडीतच कळतं. १७१३ साली त्सीगेनबाल्गने दक्षिणेतल्या देवदेवतांवर ग्रंथ लिहून जर्मनीत हाल्लेला पाठवला. तिथून मिशनचा कारभार बघणाऱ्या फ्रांकेंनी तो छापला नाही. मूर्तिपूजा मोडायला धाडलेल्याने तिची माहिती युरोपभर का पसरवावी, हा त्यांचा सवाल. ग्रंथ छापला गेला १८६७ साली, मद्रासला.

त्याच मिशनमधला ख्रिस्तियान फ्रीडरिश श्वार्ट्झ १७५० साली आला. तंजावर दरबारासाठी तो मराठी शिकला. १७८७ मध्ये तुळजाराजांनी मरणापूर्वी दत्तक सरफोजींना त्याच्या हवाली केलं. मराठ्यांच्या गादीचा वारस आणि पालक जर्मन पाद्री! १७९८ च्या फेब्रुवारीत श्वार्ट्झ गेला, त्याच साली सरफोजी गादीवर बसले आणि त्यांनी लंडनच्या जॉन फ्लॅक्समनकडून गुरूचं स्मारक करवून घेतलं.

ते शिवगंगा तळ्याकाठच्या १७७९ च्या चर्चमध्ये आहे. अंथरुणावर म्हातारा श्वार्ट्झ, पायाशी शाळेतली तीन मुलं, मागे राजाची माणसं. राजा वाकलेला, आणि गुरूचा हात त्याच्या हातात. मी बराच वेळ त्या दोन हातांकडेच बघत राहिलो. धर्म न सोडता, सोडायला न लावता जडलेली ही माया. माझ्या मते इरॅस्मसची शिकवण छापील पानांहून इथे जास्त उतरली आहे.

राजे हिंदूच राहिले. चर्चपासून जवळच्या बृहदीश्वराच्या, म्हणजे त्या मोठ्या देवळाच्या भिंतीवर त्यांनी १८०३ साली भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरवला. भाचा एकेक अक्षर लावत वाचत होता. आणि १८०६ साली राजाच्या छापखान्यातून मराठी पुस्तक निघालं, ‘बालबोध मुक्तावली’. त्यात पुराण नाही, बायबलही नाही. इसापच्या गोष्टी आहेत. ल्यूथरनेही १५३० साली कोबुर्गच्या गढीत बसून इसापच्याच काही गोष्टी जर्मनमध्ये आणल्या होत्या.