चैत्रातली छाटणी आणि नाशिकच्या वाइनची पंचवीस वर्षं

फाल्गुन सरता सरता दिंडोरी-निफाडच्या पट्ट्यात घरची वाइनरी चालवणाऱ्या कुटुंबाला उसंत नसते. टाक्यांमध्ये शेवटच्या शिराझचं फर्मेंटेशन चालू असतं आणि बाहेर, माल उतरलेल्या बागेत, खरड छाटणीची तयारी. युरोपात वसंतात वेलीला नुसते डोळे फुटतात, काढणी शरदात होते. आपल्याकडे कडक थंडीअभावी वेल झोपतच नाही. म्हणून तिला वर्षातून दोनदा छाटायचं, एप्रिलात खरड आणि पावसाळा ओसरताना गोडी छाटणी, आणि पीक मात्र एकदाच घ्यायचं. गेल्या पंचवीस वर्षांत या धंद्याच्या धोरणांवर आणि ब्रँडवर पुष्कळ लिहिलं गेलं. बागाईतदाराची नजर कशी बदलली, हे मात्र फारसं कुणी सांगितलं नाही. माझ्या लेखी खरी कमाई तीच आहे.

सुरुवात नाशिकच्याही आधीची. १९८०च्या दशकात शामराव चौगुले यांनी नारायणगावला फसफसणारी वाइन तयार करून परदेशी बाजारात नेली. नाशिकला गंगापूर धरणाजवळ राजीव सामंत यांनी सुलाची बाग उभी केली आणि २००० साली त्यांची पहिली वाइन बाजारात आली. २००१ मध्ये राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रिया धोरण जाहीर केलं. उत्पादन शुल्कात सवलत मिळाली, परवाने सोपे झाले, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क ठरले. मग पिढ्यान्‌पिढ्या द्राक्ष पिकवणारी घरंही यात उतरली. निफाडजवळ कुंदेवाडीच्या पाटील कुटुंबानं आपल्या ‘रेव्हेलो’ वाइनसाठी सिसिलीच्या ग्रिलो आणि नेरो द’आवोला या जाती आपल्या काळ्या मातीत लावल्या.

या घरांना सगळ्यात अवघड गेलं ते जुनं शहाणपण बाजूला ठेवणं. थॉमसन सीडलेस या खायच्या द्राक्षाचा बागाईतदार जीए (जिबरेलिक ॲसिड) या संजीवकात घड बुडवून मणी फुगवतो. एकरी दहा-बारा टन निघाले की गावात त्याचं नाव होतं. वाइनला मणी लहान हवा आणि साल जाड, कारण रंग आणि चव सालीतून येते. चांगल्या वाइनसाठी एकरी चार-पाच टनांवर थांबायचं, म्हणजे लागलेले घड स्वतःच्या हातानं कापून खाली टाकायचे. ज्या बापानं आयुष्यभर वजन वाढवलं, त्याच्यासमोर मुलानं हे करायचं! घराघरात यावरून वाद झाले. एका टनातून सहा-सातशे लिटर वाइन निघते. ती कशी निघते हे चाखल्यावरच ते वाद मिटले.

मग पडझड झाली. २००८ची जागतिक मंदी आणि त्याच नोव्हेंबरातला मुंबईवरचा हल्ला यांमुळे हॉटेलांचा खप बसला. पुढच्या वर्षी ऐन फुलोऱ्यात ‘फयान’ वादळाचा पाऊस आला आणि बागांवर डावनी हा बुरशीचा रोग उतरला. वाइनरींच्या टाक्या भरलेल्या, त्यामुळे माल घ्यायला कुणी तयार नाही. करारावर वाइनची द्राक्षं लावलेल्या कित्येकांनी बागा तोडून पुन्हा खायची द्राक्षं लावली. नारायणगावचा जुना उद्योगही याच सुमारास कोसळला.

तगलेल्यांनी पाहुण्यांसाठी दारं उघडली. बागेत फिरवायचं, चाखायला द्यायचं, जेवू घालायचं. दुकानाच्या फळीवर मोठ्या कंपनीशी टक्कर देण्यापेक्षा अंगणात चार बाटल्या विकणं परवडू लागलं. २०२० मध्ये नेमका हाच आधार तुटला. मार्चअखेर टाळेबंदी लागली, ऐन हंगामात अंगणं ओस पडली. २०२१ मध्ये गुरनानी कुटुंबाची यॉर्क वाइनरी सुलाकडे गेली. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळानं घेतला, तो विरोधाच्या गदारोळात अडकला.

एवढं सोसूनही जे टिकलं ते बागेत दिसतं. काढणीआधी हे लोक रिफ्रॅक्टोमीटरवर रसाचे थेंब टाकून ब्रिक्स, म्हणजे साखरेचं प्रमाण, बघतात, पण तेवढ्यावर थांबत नाहीत. मणी चावतात, बी तळहातावर घेतात. बी हिरवं असेल तर साखर बावीसवर पोचली तरी चार दिवस दम धरतात. तपकिरी झालं की पहाटे, गारव्यात, क्रेट भरायला घेतात. आणि एप्रिलात ओलांड्यावरची, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीवरची, जुनी काडी एक डोळा ठेवून छाटतात. त्या डोळ्यातून फुटणारी काडी वैशाखाच्या उन्हात वाढते आणि तिच्या डोळ्यांतच पुढच्या हंगामाचे घड तयार होतात. उन्हाळ्यात पाणी कमी पडलं किंवा गर्दी झालेले फुटवे वेळेवर काढले नाहीत, तर ऑक्टोबरात कितीही खर्च केला तरी घड निघत नाहीत.

सरकारी मदतीचा विचार आजवर बाटलीपासून सुरू झाला: कर किती, विक्री कुठे. छोट्या घराची अडचण त्याच्या किती तरी आधी, एप्रिल-मे महिन्यांत असते. तेव्हा वाइन टाकीत मुरत असते, तिचे पैसे यायला महिने असतात, आणि मजुरी, पाणी, फवारणी यांचा खर्च मात्र रोजचा. या दिवसांसाठी शेतकऱ्याला मिळतं तसं स्वस्त कर्ज आणि बागेचा विमा या वाइनरींना मिळाला, तर पाव शतकात कमावलेली ही नजर पुढच्या पिढीच्या हाती जाईल. ती गेली नाही, तर नाशिकला वाइन बनत राहील, पण तिच्यामागचा बागाईतदार निव्वळ माल पुरवणारा होऊन बसेल.