एकट्या कासवाला जोडीदार आणावा का?

मुले शिक्षणासाठी वा नोकरीसाठी दूरगावी जातात आणि त्यांनी हौसेने आणलेले कासव आजी-आजोबांच्या हवाली होते. दिवाणखान्यातील काचेच्या टाकीची देखभाल मग ज्येष्ठांच्या दिनक्रमाचा भाग बनते. सकाळचा चहा घेताना आपले लक्ष टाकीकडे जाते. कासव कोपऱ्यात मान आत ओढून निश्चल बसलेले असते आणि मनात येते, ‘बिचारे एकटे आहे, त्याला जोडीदार आणावा का?’ हा प्रश्न मायेपोटी आलेला असतो. त्याचे उत्तर मात्र कासवाच्या स्वभावात आणि त्याच्या शरीराच्या गरजांत शोधावे लागते.

आधी कासव ओळखा

आपल्याकडील घरांत बहुधा आढळते ते डोळ्यांमागे लाल पट्टा असलेले ‘रेड-इअर्ड स्लायडर’. हे मूळचे अमेरिकेतील पाणकासव. पाठीवर पिवळ्या ताऱ्यांसारखी नक्षी असलेले तारा कासव हे भारतातील वन्यजीव आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार ते विकत घेणे किंवा घरी पाळणे हा गुन्हा आहे. आपल्या नद्या-तळ्यांतील देशी कासवांनाही या कायद्याचे संरक्षण आहे. असे कासव आपल्या घरी असेल, तर जोडीदाराचा विचार बाजूला ठेवून महाराष्ट्र वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर संपर्क साधावा आणि ते त्यांच्या स्वाधीन करावे. पुढील विवेचन प्रामुख्याने स्लायडर सांभाळणाऱ्यांसाठी आहे.

एकांत आणि एकाकीपणा

मादी कासव जमिनीत खड्डा करून अंडी घालते, त्यांवर माती लोटते आणि निघून जाते. पिल्ले बाहेर येतात तेव्हा त्यांना वाट दाखवणारे कोणी नसते. कासवे घरटे बांधत नाहीत आणि नर-मादी जोडीने संसारही करत नाहीत. तळ्याकाठच्या ओंडक्यावर अनेक स्लायडर दाटीने बसलेले दिसतात, ते उन्हासाठी. तेथे गर्दी असते, कुटुंब नसते. माणसाला जो एकाकीपणा वाटतो, तो कासवाच्या वाट्याला आलेला नैसर्गिक एकांत असतो.

कोलकात्याच्या अलीपूर प्राणिसंग्रहालयातील ‘अद्वैत’ हे महाकाय कासव अनेकांना आठवत असेल. १८७५च्या सुमारास तेथे आलेले हे कासव मार्च २००६मध्ये निवर्तले. ते एकलकोंडेच होते आणि त्याला संतती झाल्याची नोंद नाही. एका उदाहरणावरून सिद्धान्त मांडता येत नाही; तरीही सोबतीवाचून कासव झुरून मरते, या समजुतीला त्यातून आधार मिळत नाही.

याचा अर्थ कासव मंदबुद्धी असते असा नव्हे. लाल पायांच्या कासवांवरील, २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की अडथळ्याला वळसा घालून खाद्यापर्यंत जाण्याची वाट एक कासव दुसऱ्याकडे पाहून शिकू शकते. घरचे कासवही खाऊ घालणाऱ्या व्यक्तीची चाहूल ओळखते आणि पोहत काचेजवळ येते. त्याला रोजच्या आयुष्यात थोडे वैविध्य हवे असते. पाण्यात एखादी वनस्पती सोडणे, खाद्याची जागा बदलणे, देखरेखीखाली खोलीत थोडे फिरू देणे, एवढ्याने ते साधते.

दोघे एकत्र आले की

दोन नर एकत्र ठेवल्यास चावाचावी होते. नर-मादी ठेवल्यास नर मादीचा सतत पाठलाग करतो. लहान टाकीत तिला पळायला जागा नसते. ती खाणे सोडते, पाय आणि शेपटीजवळ जखमा होतात. दोन माद्या कधी निभावून नेतात. मात्र तेथेही एक वरचढ ठरते, खाद्य आणि उबेची जागा अडवते आणि दुसरी हळूहळू खंगत जाते.

यातील धोका असा, की कासवांचे भांडण आवाज करत नाही. एक दुसऱ्याच्या पाठीवर चढून बसले की आपल्याला ते प्रेम वाटते. बहुधा ती दिव्याखालच्या जागेसाठीची चढाओढ असते.

उदास दिसते, तेव्हा काय तपासावे?

आपण ज्याला उदासी म्हणतो, ते अनेकदा आजाराचे किंवा गैरसोयीचे लक्षण असते. म्हणून पुढील गोष्टी क्रमाने पाहाव्यात.

• ऊब : कासवाचे शरीर स्वतः उष्णता निर्माण करून तापमान राखू शकत नाही. पाणी साधारण २४ ते २७ अंश सेल्सिअस असावे. हिवाळ्यात पाणी गारठले की ते सुस्तावते व खात नाही.

• ऊन : कवच आणि हाडांसाठी अतिनील किरण लागतात. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हात ते जवळजवळ नसतात. कोवळे ऊन थेट मिळावे, शेजारी सावली असावी. अन्यथा विशेष दिवा लावावा. बसायला कोरडी जागा हवीच.

• आहार : निव्वळ सुके दाणे पुरेसे नाहीत, हिरवा पालाही हवा. सुजलेले, मिटलेले डोळे ‘अ’ जीवनसत्त्वाची उणीव सुचवू शकतात, तर मऊ कवच कॅल्शिअमची.

• श्वास : नाकातून बुडबुडे येणे, तोंड उघडून श्वास घेणे, पाण्यात एका कुशीवर कलून तरंगणे ही फुप्फुसाच्या संसर्गाची लक्षणे असू शकतात. अशा वेळी पशुवैद्याकडे जाण्यास विलंब नको.

• अंडी : नर नसतानाही मादी अंडी घालते. ती अस्वस्थ येरझाऱ्या घालत असेल, मागच्या पायांनी उकरत असेल, तर तिला सोबती नव्हे, ओलसर मातीचे घमेले हवे असते. जागा न मिळाल्यास अंडी पोटात अडकून जिवावर बेतू शकते.

आपल्या प्रकृतीचाही विचार करा

नाण्याएवढे दिसणारे स्लायडरचे पिल्लू वाढून, विशेषतः मादी, २५ ते ३० सेंटीमीटरची होऊ शकते. दोन कासवे म्हणजे दुप्पट घाण आणि खूप मोठी टाकी. पंधरा लिटरची बादली उचलणे म्हणजे पंधरा किलो वजन उचलणे. कंबरदुखी, गुडघेदुखी वा तोल जाण्याचा त्रास असेल, तर ओल्या फरशीवरील ही कसरत धोक्याची ठरते.

निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या अंगावरही साल्मोनेला जिवाणू असू शकतात. बालकांना होणाऱ्या संसर्गामुळे अमेरिकेत १९७५मध्ये चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी आली. पासष्टीपुढील व्यक्ती, पाच वर्षांखालील मुले आणि प्रतिकारशक्ती क्षीण असलेले रुग्ण यांना त्याचा त्रास अधिक होतो. म्हणून कासवाला किंवा टाकीच्या पाण्याला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत आणि टाकीचे सामान स्वयंपाकघरात कधीही धुऊ नये.

तरीही दुसरे कासव आले तर

एखादा नातलग परगावी जाताना आपले कासव सोपवून जातो. नाही म्हणवत नाही. अशा वेळी त्याची टाकी, जाळी, भांडी सारे वेगळे ठेवावे. पशुवैद्याकडून तपासणी करून घ्यावी. निदान तीन महिने दोघांचा संपर्क होऊ देऊ नये आणि नंतरही ती कायम वेगळी राहिली तर त्यात कोणाचेच नुकसान नाही. नकोसे झालेले कासव नदीत किंवा देवळाच्या तळ्यात मात्र सोडू नये. हा परका प्राणी देशी कासवांचे अन्न आणि जागा बळकावतो. तेथे पुण्य पदरी पडत नाही.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी

घरातील ज्येष्ठ व्यक्ती ‘त्याला एकटे वाटत असेल हो’ असे पुन्हा पुन्हा म्हणू लागली, तर ते वाक्य नीट ऐका. कधी कधी माणूस स्वतःचे मागणे दुसऱ्याच्या नावाने मागतो. अशा वेळी दुकानातून दुसरे कासव आणण्यापेक्षा टाकीजवळ आणखी एक खुर्ची मांडा. पाणी बदलण्याचे काम आठवड्यातून एकदा दोघांनी मिळून करा, नातवंडाला व्हिडिओ कॉलवर कासव दाखवू द्या. त्या निमित्ताने होणाऱ्या गप्पाच बहुधा हव्या असतात.

आणि ज्येष्ठ वाचकहो, आणखी एक गोष्ट करा. स्लायडर वीस-तीस वर्षे, कधी त्याहूनही अधिक जगतो. आपल्यामागे त्याची जबाबदारी कोण घेणार, हे आजच ठरवा. त्याचा आहार, पाण्याचे तापमान, पशुवैद्याचा दूरध्वनी क्रमांक एका वहीत लिहून ती टाकीजवळ ठेवा. त्याच्या उर्वरित आयुष्याची ही तजवीज जोडीदारापेक्षा त्याच्या अधिक उपयोगी पडेल.