यंत्र नव्हतं, तरी चाचणी झाली

‘ॲप तयार झालं की यूझर्सना विचारू’ असं बऱ्याच प्रपोजलमध्ये असतं. तोवर फार उशीर होतो. आयबीएममधल्या जॉन गूल्ड आणि सहकाऱ्यांचा १९८३चा पेपर बघा. बोललेलं टाइप करणारं यंत्र पत्रं लिहायला चालेल का, हा प्रश्न. यंत्र नव्हतंच! माणूस माइकमध्ये बोलायचा, दुसऱ्या खोलीतला टायपिस्ट टाइप करायचा, शब्द स्क्रीनवर उमटायचे. शब्दसंग्रहही बदलून पाहिला: १,००० शब्द, ५,०००, अमर्याद. म्हणजे ‘आवडलं का?’ एवढंच नाही, किती शब्दांत भागेल हेही तपासता आलं. याला ‘विझार्ड ऑफ ऑझ’ पद्धत म्हणतात. तुमच्या चॅटबॉटच्या जागी आधी मित्र बसवा. मात्र त्याने काय आणि किती वेळात उत्तर द्यायचं, ते नियम लिहून द्या. नाहीतर तो यंत्रापेक्षा हुशार वागतो आणि डेटा फुकट जातो. आणि हो, सेशन संपल्यावर सहभागींना खरं काय ते सांगायचंच.