भाव विचारण्याआधी पाटी पाहा

गणेशपुरीला नित्यानंद महाराजांच्या समाधीच्या दर्शनाला आणि शेजारच्या अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर कुटुंबंच्या कुटुंबं भाड्याच्या गाडीनं येतात. गाडी ठरवताना घासाघीस होते ती भावावरून. नंबराची पाटी कोण पाहतो?

बँकेत आमचा शिरस्ता होता: तारणाचे कागद आधी, अर्जदाराचं गोड बोलणं नंतर. (निवृत्तीनंतर ही सवय घरच्यांना छळते, ते सोडा.) पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे परवान्याची प्रवासी गाडी. काळ्या पाटीवर पिवळी असतील, तर ती स्वतः चालवायला भाड्यानं मिळणारी. विजेवरच्या टॅक्सीची पाटी हिरवी, अक्षरं पिवळी. पांढऱ्या पाटीची गाडी खासगी. ती भाड्यानं फिरवणं बेकायदा आणि अपघात झाला तर विमा कंपनी भरपाईला हरकत घेऊ शकते. 'एमपरिवहन' ॲपवर नंबर घातला की विम्याची मुदतही दिसते.

गेल्या हिवाळ्यात परदेशातून भाची आली, दोन लहान मुलांसह. दारात आली ती पांढऱ्या पाटीची गाडी, पाचशे रुपयांनी स्वस्त. मी ती परत पाठवायला निघालो.

"काका, वाटेतले पोलीस ओळखीचे आहेत," ड्रायव्हर म्हणाला.

"आणि विमा कंपनी?" मी विचारलं.

तो हसला आणि गाडी वळवू लागला.